वाळवंटातल्या डोंगरावर गोल्फ कसं खेळतात?

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हिरवंगार, ऐसपैस मैदान. पण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टुसॉन शहराजवळ सांता कॅटालिना डोंगराच्या पायथ्याशी व्हेंटाना कॅन्यन नावाचं ठिकाण आहे. टॉम फाझिओ यांनी आखलेला इथला माउंटन कोर्स 1984 मध्ये सुरू झाला. त्याचं तिसरं होल जेमतेम 107 यार्डांचं, म्हणजे सुमारे 98 मीटर. पण जिथून चेंडू मारायचा ती टी आणि जिथे पोचवायचा ते ग्रीन यांच्यामध्ये आहे खडकांची आणि सग्वारो निवडुंगांची दरी. चेंडू थोडा जरी कमी पडला तरी तो गेलाच म्हणून समजा.

अशा कोर्सवर जोरात मारणाऱ्यापेक्षा चेंडू कुठे थांबवायचा हे आधी ठरवणारा खेळाडू पुढे जातो.

हिरवळ एवढी कमी का?

कारण पाणी. ॲरिझोनात 1980 साली भूजल कायदा झाला. पुढे आलेल्या नियमांनुसार टुसॉन आणि फिनिक्स भागातल्या नव्या 18 होलच्या कोर्सना पाण्याचा कोटा साधारण 90 एकर हिरवळीच्या हिशेबाने मिळतो. त्यामुळे गवत हवं तिथेच लावतात. फेअरवे संपला की लगेच वाळवंट सुरू होतं. चेंडू एका हिरव्या बेटावरून दुसऱ्या बेटावर न्यायचा, म्हणून या प्रकाराला 'टार्गेट गोल्फ' म्हणतात.

टीवर उभं राहिल्यावर

प्रत्येक वेळी ड्रायव्हर काढायची गरज नाही. 230 यार्डांवर फेअरवे अरुंद होत असेल, तर 200 यार्डांवर थांबणारा क्लब घ्या. चेंडू वाळवंटात हरवला तर एक दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून फटका. म्हणजे टीवरून तिसरा फटका! त्यापुढे 30 यार्ड मागे राहणं स्वस्तच पडतं. शंका असेल तर आधीच प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव चेंडू मारून ठेवा. शोधायला फक्त 3 मिनिटं मिळतात. काही कोर्सवर वाळवंटाला लाल खुणांचा पेनल्टी एरिया ठरवलेलं असतं. तिथे नियम थोडा सौम्य असतो, म्हणून स्कोअरकार्ड आधी वाचा.

चढ-उताराचं गणित

ढोबळ नियम असा: ग्रीन 30 फूट खाली असेल तर अंतर साधारण 10 यार्ड कमी धरा, तेवढंच वर असेल तर 10 यार्ड जास्त. उंचावरच्या विरळ आणि गरम हवेत चेंडू थोडा लांबही जातो.

उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी:
- चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो. क्लब थोडा खाली धरा आणि नेम उजवीकडे घ्या.
- चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर तो उजवीकडे जातो. गुडघे वाकवून तोल सांभाळा.
- चढावर चेंडू उंच उडतो आणि कमी जातो, म्हणून जास्त अंतराचा क्लब घ्या. उतारावर तो खालून जातो आणि जास्त घरंगळतो.

ग्रीनवर डोळे फसतात

मागे मोठा डोंगर असला की नजरेला सपाट वाटणारं ग्रीनही प्रत्यक्षात उतरतं असू शकतं. पट मारण्याआधी डोंगर कुठे आणि दरी कुठे ते पाहा. चेंडू बहुधा दरीच्या बाजूला वळतो.

वाळवंटात गेलेला चेंडू

निवडुंगाखालून फटका मारण्याचं धाडस करू नका. चोया निवडुंगाचे काटे कातडीत रुततात आणि सहज निघत नाहीत. चेंडू 'अनप्लेएबल' जाहीर करून एक दंड घ्या आणि मोकळ्या जागी खेळा. जवळ रॅटलस्नेक असेल तर मात्र नियम विनादंड सवलत देतो. निवडुंगाला ही सवलत नाही! बिळात किंवा खडकाच्या फटीत हात तर मुळीच घालू नका.

उन्हाळ्यात टुसॉनचा पारा सहज 38 अंशांच्या वर जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांसह वादळं येतात. म्हणून पहाटे खेळा आणि भरपूर पाणी सोबत ठेवा. दमलेला खेळाडूच शेवटच्या होल्सवर नको ते धाडस करतो आणि सकाळभर वाचवलेले फटके तिथेच घालवतो.