जोडणी, आज्ञा आणि पोच

यंत्रांचा इतिहास सांगू लागले म्हणजे आपण बहुधा शक्तीचा इतिहास सांगतो. वाफ आली, वीज आली, माणसाच्या बाहूंचे काम हलके झाले, असे त्याचे टप्पे पडतात. पण यंत्राला आज्ञा कोणत्या भाषेत द्यावी, आणि ती पाळली गेली हे देणाऱ्याला कसे कळावे, हाही एक इतिहास आहे. सहसा कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या एका यंत्राच्या निमित्ताने तो येथे पाहावयाचा आहे.

त्या यंत्राचे नाव मॅट्रिक्स स्विचर. सभागृहात, न्यायालयात किंवा विद्यापीठात चित्र व ध्वनी पुरविणारी साधने अनेक असतात, आणि पडदे व कर्णेही अनेक असतात. कोणाचे चित्र कोणत्या पडद्यावर न्यावयाचे, ती जोडणी करणे हे या यंत्राचे काम. त्याची रचना मागावरच्या ताण्याबाण्यासारखी समजावी. आत येणाऱ्या वाटा आडव्या, बाहेर जाणाऱ्या उभ्या. त्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे एक जोड. ८ वाटा आत व ८ बाहेर असतील तर असे जोड ६४ होतात. एकच चित्र आठही पडद्यांवर पाठविता येते. एका पडद्याला मात्र एका वेळी एकच चित्र मिळते.

वाटा जोडण्याचे हे काम पूर्वी माणसेच करीत, आणि त्याचा आरंभ टेलिफोनच्या इतिहासात आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ साली पेटंट मिळाले आणि जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात बॉस्टनच्या केंद्रात एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामावर आली. मुंबईतही १८८२ साली असे केंद्र उघडले. ग्राहकाने नाव सांगावे आणि ऑपरेटरने खुंटी खोचून दोन तारा जोडाव्यात, अशी ही रीत. आज्ञा माणसाच्या भाषेत जाई आणि ‘जोडून दिले’, ‘पलीकडे कोणी उचलीत नाही’ अशी पोचही माणसाच्याच भाषेत येई.

या व्यवस्थेत माणसाची समजूत होती, तसा माणसाचा पक्षपातही होता. कॅन्सस शहरात अंत्यविधीची व्यवस्था करणारे आल्मन स्ट्राउजर यांची कथा प्रसिद्ध आहे. प्रतिस्पर्ध्याची पत्नी केंद्रात ऑपरेटर असून ती आपली गिऱ्हाइके तिकडे वळविते, असा त्यांना संशय आला असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्यांना १८९१ साली स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळाले आणि १८९२ च्या नोव्हेंबरात इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्या पद्धतीचे केंद्र उघडले, हे निश्चित. आता ग्राहकाने विजेचे ठोके पाठवावयाचे आणि यंत्राने ते मोजीत पायरी पायरीने पुढे सरकावयाचे. पक्षपात गेला, पण आज्ञेतला शब्दही गेला, केवळ आकडा उरला. पुढे आडव्याउभ्या पट्ट्यांची क्रॉसबार रचना आली. बेल कंपनीचे त्या पद्धतीचे मोठे शहरी केंद्र १९३८ साली ब्रुकलिनमध्ये चालू झाले. आजच्या मॅट्रिक्स स्विचरचा सांगाडा हाच.

अक्षरांची वाट दुसरीकडून आली. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७४ साली पाच खुणांची तारसंकेतलिपी पेटंट केली. न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरी यांनी १९०१ च्या सुमारास ती सुधारताना तीत ‘ओळीच्या आरंभी या’, ‘पुढच्या ओळीवर जा’ अशा खुणा घातल्या. वाचावयाची अक्षरे आणि यंत्राने पाळावयाची आज्ञा एकाच तारेतून जाऊ लागली. १९६० साली आरएस-२३२ या जोडणीचे प्रमाण ठरले आणि १९६३ साली १२८ चिन्हांची आस्की लिपी. आजही अनेक स्विचर ‘ओळीच्या आरंभी या’ ही खूण मिळाली म्हणजे आज्ञा पूर्ण झाली असे समजतात.

या दोन वाटा मॅट्रिक्स स्विचरमध्ये एकत्र येतात. कॅलिफोर्नियातील एक्स्ट्रॉन या कंपनीच्या स्विचरला १*२! एवढे लिहून पाठविले की आतली पहिली वाट बाहेरच्या दुसरीला जोडली जाते. उद्गारचिन्हाचा अर्थ चित्र व ध्वनी दोन्ही. लगेच उत्तर येते: आउट २, इन १, ऑल. नसलेल्या वाटेचा आकडा लिहिला तर यंत्र चुकीचा क्रमांक कळविते. इस्राएलच्या क्रेमर कंपनीच्या जुन्या पद्धतीत हेच काम ०१, ८१, ८२, ८१ अशा चार सांकेतिक आकड्यांनी होई. तिच्या नव्या पद्धतीत हॅशची खूण, ‘व्हिड’ ही रोमन अक्षरे आणि १>२ असे लिहितात. पहिल्या पद्धतीला कोष्टक हाताशी लागते. दुसरी नुसती वाचूनही उमगते. वीस वर्षांनी मूळ तंत्रज्ञ निघून गेला, तरी नव्या माणसाला ती वही वाचता येते. साध्या अक्षरांचा हा मोठा उपकार आहे.

परंतु जे सर्वांना वाचता येते ते सर्वांना लिहिताही येते. आज्ञा तारेने जोडलेल्या एकाच संगणकातून येत होती, तोवर खोलीचे कुलूप पुरेसे होते. तीच अक्षरे जाळ्यावरून येऊ लागल्यावर, पासवर्ड नसेल तर तेथवर पोचणारा कोणीही बंद दाराआड चाललेली सुनावणी बाहेरच्या पडद्यावर लावू शकतो. ऑपरेटर अशा वेळी विचारती, ‘आपण कोण बोलता?’ यंत्र आपण होऊन तसे विचारीत नाही. तो प्रश्न यंत्र बसविणाऱ्याला आधीच घालून ठेवावा लागतो.

शिवाय पोच आणि प्रतीती एक नव्हेत. यंत्र ‘जोडले’ म्हणते ते आपल्या पोटातल्या जोडापुरते. पडद्याची तार निसटली असेल तर त्याची वार्ता त्या उत्तरात नसते. टेलिफोन केंद्रातली ती स्त्री जोडून झाल्यावर क्षणभर कान देई, आणि पलीकडून आवाज आला की मगच हात काढी. तिची खुंटी आपण यंत्राच्या हाती दिली, तिचे उत्तरही अक्षरांत परत मिळविले. कान देणे मात्र अजून आपल्याकडेच आहे, आणि ते सोडून चालणार नाही.