जाळ्यावरून संगणक सुरू करण्याच्या पर्यायी वाटा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वीज मिळताच मुख्य प्रणाली स्मृतीत आणून तिच्याकडे ताबा सोपविणाऱ्या छोट्या आज्ञावलीस ‘बूटलोडर’ म्हणतात. मनुष्यवस्तीपासून दूर बसविलेल्या यंत्रांत ही प्रणाली पुष्कळदा नेटवर्कवरून आणली जाते. एक जोडणी तुटल्याने यंत्र निकामी होऊ नये म्हणून दोन जोडण्या दिल्या जातात. पहिली निष्फळ ठरल्यास बूटलोडर आपोआप दुसरीकडे वळतो. ही सोय अलीकडची वाटली तरी तिचे मूळ अर्पानेटमध्ये सापडते. पर्यायी वाटांमुळे कोणता धोका टळतो आणि कोणता टळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अर्पानेटमधील आरंभ

अमेरिकेत १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झाले. त्याची ‘इम्प’ ही संदेशवाहक यंत्रे बी.बी.एन. या संस्थेने हनीवेल ५१६ संगणकावर उभारली. फ्रँक हार्ट व सहकाऱ्यांच्या १९७० च्या निबंधात त्यांच्या पुनरारंभाची पद्धत वर्णिलेली आहे. आज्ञावलीने सुमारे एक मिनिट पहारेकरी घड्याळाची दखल घेतली नाही, तर ताबा ५१२ शब्दांच्या संरक्षित स्मृतीकडे जाई. तेथील आज्ञावली यदृच्छेने एक दूरध्वनी वाहिनी निवडून शेजारच्या इम्पकडे मागणी पाठवी आणि शेजारी आपल्या संपूर्ण आज्ञावलीची प्रत धाडी. माणसाच्या मदतीवाचून वाट निवडण्याचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

प्रमाणित नियमांचा काळ

१९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ नियमावली मांडली. सर्व्हरचा पत्ता ठाऊक नसलेले यंत्र सर्वांना उद्देशून पृच्छा करू लागले. वीज परतल्यावर सर्व यंत्रांनी एकाच वेळी मागणी करून जाळे तुंबवू नये, म्हणून पुन:प्रयत्नांतील अंतर यदृच्छेने वाढविण्याची सूचनाही तीत होती.

वोल्फगांग डेंक यांचा ‘पीपीसीबूट’ २००० मध्ये सार्वजनिक झाला व २००२ मध्ये ‘यू-बूट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यात ‘एथप्राइम’ हे चल प्रथम कोणती जोडणी वापरावी ते सांगते, ‘एथअ‍ॅक्ट’ चालू जोडणी दर्शविते, ‘एथरोटेट’ला ‘नो’ हे मूल्य दिल्यास दुसरीकडे वळणे थांबते आणि ‘नेटरिट्राय’ने पुन:प्रयत्नांची मर्यादा ठरते. इम्पमध्ये यदृच्छेवर सोपविलेला निर्णय येथे अभियंत्याने आधीच लिहून ठेवलेला असतो.

मर्यादा

२७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट काही तास ठप्प झाले. एका इम्पमध्ये बिघडलेले स्थितिदर्शक संदेश सर्व वाहिन्यांतून जाळेभर पसरले. वाहिन्या शाबूत होत्या. दोष त्यांतून वाहणाऱ्या मजकुरात होता आणि अधिक वाटांनी तो अधिक दूर नेला. शेजाऱ्याकडून प्रत घेणाऱ्या इम्पलाही शेजाऱ्याच्या आज्ञावलीतील दोष प्रतीसह मिळणे अटळ होते.

हाच प्रश्न आजच्या रचनेतही उरतो. दोन्ही जोडण्या एकाच स्विचला व एकाच सर्व्हरला मिळत असतील, तर त्या स्विचच्या वा सर्व्हरच्या बिघाडापुढे दुसरी जोडणी निरुपयोगी ठरते. शिवाय दुसऱ्या जोडणीवर यंत्र सुरळीत चालू राहिल्याने पहिलीचा बिघाड लक्षात येत नाही आणि राखीव वाट नकळत एकमेव वाट बनते. मजकुराच्या विश्वासार्हतेसाठी निराळा उपाय लागतो. यू-बूटमध्ये २०१३ पासून डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची सोय आली, ती यासाठीच.

निष्कर्ष

पर्यायी जोडणी वाटेच्या बिघाडावरील उपाय आहे, मजकुराच्या दोषावरील नव्हे. म्हणून वाटा खरोखर स्वतंत्र असणे, वाट बदलल्याची नोंद होणे आणि आलेल्या प्रणालीची पडताळणी होणे, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच स्वयंचलित बदलास अर्थ प्राप्त होतो.