ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च: वय दोनशे वर्षांनी घटलं, तर काय गेलं?

इंग्लंडमधलं जुनं चर्च म्हटलं की आपल्यासमोर दगडी भिंती आणि कमानी येतात. आज मात्र आपण एसेक्समधल्या ग्रीनस्टेड गावी जाणार आहोत. चिपिंग ऑंगरजवळचं हे सेंट अँड्र्यूचं चर्च अगदी छोटं आहे, आणि त्याच्या मुख्य दालनाच्या भिंती आहेत चक्क ओकच्या ओंडक्यांच्या.

रचना साधी आहे. ओकचं खोड उभं चिरायचं, गोल बाजू बाहेर आणि सपाट बाजू आत ठेवायची. असे ओंडके शेजारी शेजारी उभे करायचे. आता मधल्या फटीतून वारा-पाऊस आत येणारच ना? म्हणून ओंडक्यांच्या कडांना खाच पाडायची आणि त्यात लाकडाची पातळ पट्टी बसवायची. झाली भिंत!

मग हे बांधलं कधी? 1960च्या सुमाराच्या अभ्यासातून उत्तर आलं, इसवी सन 845. म्हणजे व्हायकिंगांच्या स्वाऱ्यांचा काळ. पुढे 1995 मध्ये लाकडाची वलयं पुन्हा तपासली गेली. चांगल्या वर्षी झाडाचं वलय जाड होतं, वाईट वर्षी बारीक. हा जाड-बारीक क्रम आधीच तारखा ठरलेल्या लाकडांशी जुळवायचा. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं: एका सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळच नोंदलेली नाही, तर घटनांचा क्रम दुसऱ्या सर्व्हरशी जुळवून वेळ काढायची.

सापडलेलं शेवटचं वलय 1053 चं होतं. पण सालीखालचं कोवळं लाकूड शिल्लक नव्हतं. ओकमध्ये त्याची साधारण 10 ते 55 वलयं धरतात. म्हणजे झाड तोडलं 1063 ते 1108 च्या दरम्यान. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं 1066 मध्ये, म्हणजे ते वर्षही या पट्ट्यातच येतं!

वय दोनशे वर्षांनी कमी झालं, म्हणून महत्त्व घटलं का? मला तर उलट वाटतं. नॉर्मन आले आणि सगळं दगडाचं झालं, असं आपण सहज म्हणून जातो. पण इथले सुतार नॉर्मन राजवटीतही जुन्याच पद्धतीने काम करत असतील, ही शक्यता या तारखेमुळे उघडते. जुन्या इंग्रजीत ‘बांधणे’ या अर्थाचं क्रियापदच होतं ‘टिंब्रियन’, ज्याच्या मुळाशी ‘टिंबर’ आहे. बांधायचं म्हणजे लाकडातच, इतकं ते रोजचं होतं. लाकूड कुजलं, दगड टिकला, आणि टिकलं त्यालाच आपण इतिहास समजून बसलो.

ग्रीनस्टेडही जसंच्या तसं टिकलेलं नाही. वेदीकडचा भाग विटांचा आहे, तो साधारण 1500 च्या आसपासचा. मूळ भिंतींना आपल्याला कळतील अशा खिडक्या नव्हत्याच. आजचा उजेड येतो तो नंतर छपरात काढलेल्या खिडक्यांतून. 1848 च्या दुरुस्तीत ओंडक्यांची कुजलेली टोकं कापून भिंती विटांच्या जोत्यावर उभ्या केल्या.

तरीही हे चर्च नॉर्वेतल्या 1130 च्या आसपासच्या, प्रसिद्ध उर्नेस चर्चपेक्षा जुनं ठरतं. आणि ते वस्तुसंग्रहालय झालेलं नाही, तिथे आजही प्रार्थना होते. एसेक्समध्ये गेलात तर त्या ओंडक्यांचा गोल बाहेरचा भाग जरूर बघा. भेटूया पुढच्या भागात!