घराच्या जोत्यालगत उगवणारी भूछत्रे : कारणे आणि दक्षता

पावसाळ्यातील दमदार सरींनंतर अनेक ठिकाणी घराच्या जोत्याला लागून पांढरी किंवा तपकिरी भूछत्रे एका रात्रीत उगवलेली आढळतात. ती उपटून टाकली की प्रश्न मिटला, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र भूछत्र हे जमिनीखाली पसरलेल्या बुरशीचे केवळ फळ असते. त्यापासून दगडी वा काँक्रीटच्या पायाला थेट अपाय होत नाही. परंतु पायालगत काय दडले आहे, याची ती सूचना असते.

वाळवीची शेती

भारतात अशा भूछत्रांपैकी काही ‘टर्मिटोमायसिस’ या प्रजातीची असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये हे नामकरण केले. ही बुरशी वाळवीच्या वारुळातच वाढते. ओडोन्टोटर्मिस या गटातील वाळवी लाकूड व पालापाचोळा खाऊन आपल्या विष्ठेपासून स्पंजासारखे सच्छिद्र पोळे रचते आणि त्यावर या बुरशीची जोपासना करते. बुरशी लाकडातील कठीण घटकांचे विघटन करते आणि वाळवीला त्यातून अन्न मिळते. कोकणात व गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी पावसाळी अळंबी बहुतांशी याच प्रजातीची असते. वारूळ अनेक वर्षे टिकत असल्याने ती दरवर्षी त्याच जागी उगवते.

ओळख कशी पटवावी

भूछत्राभोवतीची माती हळुवारपणे उकरल्यास कारण स्पष्ट होऊ शकते. देठ मुळासारखा निमुळता होत खोलवर गेला असेल, तर खाली वाळवीचे पोळे असण्याची शक्यता असते. देठ वरच्या थरातच संपत असेल, तर शेणखत, झाडाचा जुना बुंधा किंवा बांधकामाच्या वेळी मातीत राहिलेल्या सेंटरिंगच्या फळ्या हे कारण असू शकते. हे कुजके लाकूडही पुढे वाळवीला आकर्षित करते.

भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसणे, दाराच्या चौकटीवर टिचकी मारल्यास पोकळ आवाज येणे ही वाळवी घरात शिरल्याची लक्षणे होत.

उपाययोजना

भूछत्रांवर मीठ अथवा औषध टाकल्याने वारूळ नष्ट होत नाही. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर वळवावे, गळक्या नळांची दुरुस्ती करावी, भिंतीलगत सरपण रचू नये आणि मातीतील लाकूड काढून टाकावे. वाळवीची खात्री झाल्यास प्रशिक्षित व्यक्तीकडून प्रक्रिया करून घ्यावी. भारतीय मानक ‘आयएस ६३१३’ च्या तिसऱ्या भागात उभ्या इमारतींसाठीच्या वाळवी-प्रतिबंधक उपायांचे मार्गदर्शन आहे.

सेवन टाळावे

जोत्यालगतची भूछत्रे ओळखीची वाटली, तरी खाऊ नयेत. पायाभोवतीच्या मातीत पूर्वी वाळवीनाशक रसायने मिसळलेली असू शकतात. शिवाय अंगणात व हिरवळीवर उगवणारे ‘क्लोरोफायलम’ हे विषारी भूछत्र खाद्य अळंबीसारखे दिसते. काही जातींमधील अमाटॉक्सिन हे विष शिजवूनही नष्ट होत नाही. त्याची लक्षणे साधारणतः सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा प्रकट होतात. नंतर काही काळ बरे वाटते. मात्र त्याच अवधीत यकृताची हानी सुरू असते. एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये विषारी रानटी भूछत्रे खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला होता.

सेवनानंतर उलट्या अथवा जुलाब सुरू झाल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उरलेले भूछत्र सोबत नेल्यास विषाचे निदान करण्यास मदत होते.