भरपाईची सोय : श्रीमंत विद्यार्थी-मंडळांवरील चित्रपटांचे विवेचन

१. विषय आणि प्रतिपादन

कॉलेजातली मुले दारू पिऊन खुर्च्या मोडतात, यात नवल काहीच नाही. विचार करण्याजोगा भाग त्यापुढचा. मोडलेल्या खुर्चीचे पैसे कोण भरतो, आणि ते भरल्यावर प्रकरण खरोखरच मिटते का? इंग्लंड-अमेरिकेतल्या श्रीमंत विद्यार्थी-मंडळांवरच्या चित्रपटांकडे या प्रश्नातून पाहिले, तर त्यांतली नासधूस दुय्यम ठरते आणि देवघेव मुख्य.

येथे मुख्य आधार ‘द रायट क्लब’ (२०१४) या चित्रपटाचा घेतला आहे. त्याचे मूळ लॉरा वेड यांच्या ‘पॉश’ या नाटकात आहे. ते एप्रिल २०१० मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात आले. पुढच्याच महिन्यात डेव्हिड कॅमेरून पंतप्रधान झाले. त्यांचा आणि बोरिस जॉन्सन यांचा, ऑक्सफर्डमधल्या बुलिंग्डन क्लब या श्रीमंत विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या पोशाखातला १९८७ चा फोटो तोवर देशभर गाजला होता. चित्रपटाची पटकथाही वेड यांचीच, दिग्दर्शन डॅनिश दिग्दर्शिका लोन शेरफिग यांचे.

प्रतिपादन थोडक्यात असे: वरच्या वर्गातली मुले इतरांपेक्षा अधिक दांडगट असतात असे नाही. त्यांच्या दांडगाईला भरपाई करून मोकळे होण्याची सोय असते, आणि ही सोय हाच त्यांचा खरा विशेषाधिकार.

२. ऐतिहासिक आधार

ऑक्सफर्डचा बुलिंग्डन क्लब १७८० चा. सुरुवात शिकार आणि क्रिकेटपासून झाली, कीर्ती मात्र मेजवान्या आणि मोडतोडीची. १८९४ मध्ये सदस्यांनी क्राइस्ट चर्च कॉलेजच्या पेकवॉटर चौकातल्या खिडक्यांच्या काचांचा चक्काचूर केला. १९२७ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली आणि क्लबला ऑक्सफर्डपासून १५ मैलांच्या आत जमायला बंदी झाली. ‘द रायट क्लब’मधला क्लब बुलिंग्डनच्याच धर्तीचा; त्याचे दहा सदस्य जेवायला खेड्यातल्या पबमध्ये का जातात, याचा उलगडा अशा बंदीतून होतो.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, ईव्हलिन वॉ यांची ‘डिक्लाइन अँड फॉल’ ही कादंबरी आली. तिच्या आरंभी कॉलेजचे दोन अधिकारी खिडकीआड दबून काचा फुटण्याचे आवाज ऐकतात आणि मनातल्या मनात खूश होतात. दंड भरपूर जमला की तळघरातली जुनी पोर्ट मद्याची बाटली वर येणार असते. दांडगाई करणारे दंड भरून सुटतात. ज्या गरीब बापड्या विद्यार्थ्याची पँट त्यांनी ओढून काढली, त्याला मात्र असभ्य वर्तनाबद्दल कॉलेजातून काढले जाते. दंड हा संस्थेला शिक्षेपेक्षा उत्पन्न वाटू लागला की काय होते, हे वॉ यांनी एका प्रकरणात सांगून टाकले.

३. चित्रपटांचे तीन प्रकार

पहिला प्रकार दाराचा. ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) मध्ये हार्वर्डच्या पोर्सेलियन क्लबात नायकाला सायकली ठेवायच्या खोलीपलीकडे पाऊल टाकता येत नाही. ‘द स्कल्स’ (२०००) मध्ये साध्या घरातला मुलगा गुप्त मंडळात शिरतो आणि पस्तावतो. प्रश्न एकच: आत कोण जाणार?

दुसरा प्रकार तालमीचा. लिंडसे अँडरसन यांच्या ‘इफ’ (१९६८) मध्ये निवासी शाळेतले मोठे विद्यार्थी छडी चालवायला शिकतात. इथला प्रश्न सत्ता कशी घडवली जाते हा.

तिसरा प्रकार बिलाचा. ‘द रायट क्लब’ यातला. पहिल्या दोहोंत ज्याचे नुकसान होते, तोही त्याच संस्थेतला असतो. तिसऱ्यात तो बाहेरचा, दुकान चालवून पोट भरणारा. त्यामुळे वर्गसंबंध उघडा पडतो तो इथेच.

४. यंत्रणा

भरपाईची ही यंत्रणा ‘द रायट क्लब’मध्ये चार पायऱ्यांनी चालते.

(अ) निवड. घराणे, शाळा, बोलण्याची ढब यांवरून मुलगा पारखला जातो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू ज्याला सांस्कृतिक आणि सामाजिक भांडवल म्हणतात, त्याचीच ही मोजदाद.

(आ) सहभाग. नव्या सदस्याच्या खोलीची नासधूस करून त्याचे स्वागत होते. सगळ्यांचे हात सारखेच बरबटले की कोणी कोणाविरुद्ध तोंड उघडत नाही. मैत्रीपेक्षा हे परस्परांना ओलीस धरणे अधिक.

(इ) मोल. मेजवानीत एकात एक भरलेल्या दहा पक्ष्यांचा रोस्ट मागवलेला असतो. मोजल्यावर नऊच भरतात. एवढ्या कारणावरून ‘आपल्याला फसवले’ ही भावना पेटते आणि अॅलिस्टर हा सदस्य गरिबांविषयीची किळस ओकून टाकतो. लॉरेन या साध्या घरातल्या विद्यार्थिनीला फसवून तिथे बोलावले जाते आणि शरीरसुखाच्या बदल्यात २७,००० पौंड देऊ केले जातात. आकडा हवेतला नाही. २०१२ पासून इंग्लंडमध्ये विद्यापीठाची फी वर्षाला कमाल ९,००० पौंड झाली होती. तीन वर्षांचे होतात २७,०००. तिच्या शिक्षणाची सगळी किंमत हे खिशातल्या पैशांतून काढू पाहतात. पुढे जेवणाच्या खोलीची दैना पाहून पबमालक संतापतो, तेव्हा त्याच्याही पुढे नोटा धरल्या जातात. पैसे घेऊन गप्प बसायला तो तयार होत नाही, आणि त्याला बेदम मार पडतो तो यानंतर. खुर्च्या मोडताना ही मुले हसत होती. पैसे नाकारले गेल्यावर त्यांचा तोल जातो. सारे काही विकत घेता येते या श्रद्धेलाच तिथे धक्का बसतो.

(ई) पुनर्वसन. या मारहाणीपायी अॅलिस्टरला विद्यापीठातून काढले जाते. पण क्लबचा जुना सदस्य असलेला खासदार त्याला भेटतो आणि पुढची वाट मोकळी असल्याचे सुचवतो. एकाचा बळी देऊन क्लब वाचतो आणि बळी गेलेलाही उपाशी राहत नाही.

५. एक आक्षेप

‘तारुण्यात कोण दंगा करत नाही?’ असे कोणी म्हणेल. उत्तर तुलनेतून मिळते. महेश एलकुंचवार यांच्या ‘होळी’ या नाटकावर केतन मेहता यांनी १९८४ मध्ये काढलेल्या चित्रपटातही वसतिगृहातली मुले क्रूर होतात, मोडतोड करतात, एका मुलाचा जीव जातो. पण त्यांच्यापुढे भविष्य नाही. पोलीस आले की त्यांची गोष्ट संपते. रायट क्लबच्या मुलांसाठी पोलीस येणे हे मध्यंतर असते.

वास्तवातला पुरावा अधिक बोलका आहे. ऑगस्ट २०११ च्या लंडनमधल्या दंगलीत साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्याबद्दल २३ वर्षांच्या तरुणाला सहा महिन्यांची कैद झाली. त्या वेळी देशाचा पंतप्रधान आणि लंडनचा महापौर ही दोन्ही पदे बुलिंग्डनच्या माजी सदस्यांकडे, म्हणजे कॅमेरून आणि जॉन्सन यांच्याकडे होती.

६. मर्यादा

चित्रपटाचे दोष दोन. एक, कॅमेरा देखण्या नटांवर आणि उंची कोटांवर इतका रेंगाळतो की ज्याची घृणा वाटावी त्याचे आकर्षण वाटू लागते. दुसरा अधिक गंभीर आहे: माइल्स या सज्जन सदस्याच्या घालमेलीला जेवढा वेळ मिळतो, तेवढा पबमालकाला आणि लॉरेनला मिळत नाही. झालेल्या अन्यायाचे मोजमाप अन्याय करणाऱ्याच्या अपराधभावाने होऊ लागते. वरच्या वर्गावर टीका करणाऱ्या बहुतेक कलाकृती याच खड्ड्यात पडतात.

७. निष्कर्ष

दोष धरूनही ‘द रायट क्लब’चे मोल कमी होत नाही, कारण विशेषाधिकाराचे नेमके ठिकाण त्याने दाखवले. ते पैशात आहे, ओळखीत आहे आणि दंडाची पावती फाडून डोळे मिटणाऱ्या संस्थेतही आहे. क्लबवर बंदी घालून वा फोटो दडवून ते हलत नाही. नुकसानीची भरपाई झाली तरी गुन्हा शिल्लक उरतो, हे कायदा श्रीमंताच्या मुलालाही सांगू लागेल, तेव्हाच असल्या क्लबांचा माज उतरेल.