बाळंतविडा

बाळंतविडा म्हणजे नवजात बालक व बाळंतीण यांना आप्तस्वकीयांकडून दिली जाणारी भेट. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांत ही प्रथा आढळते. या भेटीत बाळाचे कपडे, अंथरूण-पांघरूण, खेळणी, बाळंतिणीसाठी वस्त्र आणि पौष्टिक खाद्यपदार्थ यांचा समावेश असतो. यातील बऱ्याचशा वस्तू परंपरेने घरातील व नात्यातील स्त्रिया हाताने शिवतात किंवा विणतात. त्यामुळे शिवणकाम, भरतकाम, लोकरीचे विणकाम, क्रोशाकाम आणि गोधडीकाम या गृहकलांचा बाळंतविड्याशी निकटचा संबंध आहे.

नाव व अर्थ

'विडा' या शब्दाचा मूळ अर्थ पान, सुपारी, कात, चुना इत्यादींची घडी असा आहे. मानाचा विडा देणे, विडा उचलणे अशा प्रयोगांमुळे या शब्दाला सन्मान व जबाबदारी या अर्थच्छटा लाभल्या. बाळंतिणीला जेवणानंतर बाळंतशेपा, ओवा, खोबरे इत्यादी घालून विडा देण्याचीही पद्धत आहे. 'बाळंतविडा' हा शब्द मात्र आज प्रामुख्याने बाळ-बाळंतिणीला द्यावयाच्या वस्तूंच्या संपूर्ण संचासाठी वापरला जातो.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने बाळंतविड्याची तयारी बहुधा आजी, मावशी, मामी, आत्या आणि शेजारणी यांच्यात वाटली जाते. बाळाला पाहावयास जाताना किंवा बारशाच्या दिवशी तो देतात. काही कुटुंबांत बाळाच्या जन्मापूर्वी कपडे विकत आणू नयेत असा संकेत पाळला जातो. अशा घरांत जुन्या सुती कापडाची दुपटी व लंगोट तेवढे आधी तयार ठेवतात आणि विणकामाच्या वस्तू मागाहून येतात.

घटक

बाळंतविड्यात कोणत्या वस्तू असाव्यात याचा ठरावीक नियम नाही. सर्वसाधारणपणे पुढील वस्तू आढळतात.

अंगडे-टोपडे: बाळाचा सदरा व डोक्याचे वस्त्र. सैल, समोरून किंवा मागून बंदाने बांधावयाच्या मऊ सदऱ्यास झबले म्हणतात. टोपडे सुती कापडाचे किंवा विणलेले असते आणि हनुवटीखाली बंदाने बांधतात.

कुंची: डोके झाकून पाठीवर खाली सोडलेले वस्त्र. ती खणाची, रेशमी किंवा सुती कापडाची शिवतात आणि तिला जरीचा काठ व गोंडे लावतात. बाळाला घराबाहेर नेताना ती घालतात.

दुपटे: बाळाला गुंडाळण्याचे किंवा त्याच्याखाली अंथरण्याचे कापड. वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्यांची व धोतरांची दुपटी यासाठी उत्तम मानली जातात, कारण वारंवार धुतलेल्या सुतातील खळ निघून गेलेली असते.

चौघडी व गोधडी: कापडाच्या चार थरांचे लहान पांघरूण ते चौघडी. अनेक थर एकत्र ठेवून धावदोऱ्याने शिवलेली ती गोधडी. मोठ्या व जाड गोधडीला काही भागांत वाकळ म्हणतात.

विणलेल्या वस्तू: टोपी, पायमोजे, हातमोजे, स्वेटर, शाल.

इतर वस्तू: लाळेरे, लंगोट, मोहरीची उशी, पाळण्यावर टांगण्याचे चिमणाळे म्हणजे कापडी चिमण्यांचे झुंबर, क्रोशाने विणलेली खेळणी. बाळंतिणीसाठी साडी किंवा खण, डिंकाचे व अळिवाचे लाडू, खारीक आणि खोबरे.

विणकामाचे साहित्य

लोकरीचे विणकाम दोन सुयांवर, तर क्रोशाकाम टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईवर केले जाते. दोन सुयांच्या विणकामात सर्व टाके एकाच वेळी सुईवर असतात. सुलट आणि उलट या दोन मूळ टाक्यांच्या निरनिराळ्या मांडणीतून सर्व नमुने तयार होतात. क्रोशात बहुधा एका वेळी एकच टाका सुईवर उरतो. साखळी आणि खांब हे त्याचे पायाभूत प्रकार होत. याच कारणाने दोन सुयांवरील काम एखादा टाका निसटल्यास खालपर्यंत उसवते. क्रोशाचे काम मात्र हवे तिथे थांबवून पुन्हा सुरू करता येते.

भारतात सुयांचे क्रमांक बराच काळ जुन्या ब्रिटिश पद्धतीने दिले गेले. या पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते. १४ क्रमांकाची सुई २ मिलिमीटर, १० क्रमांकाची ३.२५ मिलिमीटर, तर ८ क्रमांकाची ४ मिलिमीटर जाडीची असते. अलीकडे सुयांवर मिलिमीटरमधील जाडीही छापलेली असते. जुना नमुना पाहून नवीन सुई घेताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

याशिवाय टाके न निसटू देणारी पिन, टाके मोजण्याच्या खुणा, मापपट्टी, बोथट टोकाची जोडसुई, लहान कात्री आणि गुंडी ठेवण्याची पिशवी एवढे साहित्य पुरेसे होते. गोल विणकामासाठी दोन्ही टोके उघडी असलेल्या चार किंवा पाच सुयांचा संच, अथवा लवचिक दोरीने जोडलेली गोल सुई वापरतात. तिच्यावर टोपी व मोजे शिवण न घालता विणता येतात. विणकामाची आवड असलेल्या व्यक्तीला हेच साहित्य भेट म्हणूनही दिले जाते.

बाजारात 'लोकर' या नावाने मिळणारा धागा नेहमीच मेंढीच्या लोकरीचा नसतो. पुष्कळदा तो ॲक्रिलिक या कृत्रिम तंतूचा असतो. महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीची लोकर आखूड व राठ असते. धनगर समाजातील विणकर तिच्यापासून घोंगडी विणतात. घोंगडी ऊब आणि पाऊस यांसाठी टिकाऊ असली, तरी नवजात बाळाच्या त्वचेलगत ती वापरता येत नाही. म्हणून बाळाच्या वस्तूंसाठी गिरणीत कातलेला मऊ धागा प्रचारात आला.

मापे

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो. विणलेले कापड ताणले जात असल्याने टोपीचा घेर त्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी धरतात. चार पदरी बारीक धाग्याने १० क्रमांकाच्या सुयांवर १० सेंटिमीटर रुंदीत सुमारे २८ टाके बसतात. या हिशेबाने ३२ सेंटिमीटर घेराच्या टोपीसाठी सुमारे ९० टाके घालावे लागतात. प्रत्येकीच्या हाताचा ताण निराळा असल्यामुळे आधी लहान तुकडा विणून टाके मोजण्याची पद्धत आहे.

बाळ पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते. त्यामुळे अनुभवी विणकर पहिल्या महिन्यासाठी एखादीच वस्तू करून उर्वरित वस्तू तीन व सहा महिन्यांच्या मापाने विणतात. स्वेटर विणताना बाळ त्या मापाचे होईल तेव्हा कोणता ऋतू असेल, याचाही विचार केला जातो.

प्रसार

सुया व धाग्याने विणण्याची कला भारतात वसाहतकाळात युरोपीय स्त्रिया, मिशनरी शाळा व मुलींच्या शिक्षणसंस्था यांच्याद्वारे पसरली. आंध्र प्रदेशातील नरसापूरची क्रोशा-जाळी याच प्रवाहातून एकोणिसाव्या शतकात उदयास आली. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाच्या संस्थांनी हस्तकलेला उपजीविकेचे साधन म्हणून स्थान दिले. पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या सेवासदनात (१९०९) स्त्रियांना विविध हस्तव्यवसाय शिकवले जात. स्वातंत्र्योत्तर काळात शालेय कार्यानुभव, महिलांच्या मासिकांत छापले जाणारे नमुने आणि शेजारणींकडून मिळणारे धडे यांमुळे विणकाम मध्यमवर्गीय घरांत रुळले. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी देशभरातील स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर व मोजे विणून पाठवले होते.

गोधडीचा प्रसार मात्र यापेक्षा निराळा आहे. ती शाळेत शिकवली गेली नाही; घरातील जुन्या कापडातून, आईकडून मुलीकडे ती कला आली. बाळंतविड्यात या दोन्ही परंपरा एकत्र येतात.

जालना जिल्ह्यात

मराठवाड्यातील जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे आठ तालुके आहेत. धागा व कापडाशी या भागाचे नाते जुने आहे. एका आख्यायिकेनुसार विणकाम हा व्यवसाय असलेल्या, म्हणजे 'जुलाहा' असलेल्या एका धनिक मुस्लिम व्यापाऱ्यावरून शहराला जालना हे नाव पडले. कापूस हे जिल्ह्यातील प्रमुख पीक आहे. २०१८ मध्ये जालना येथे राज्यातील पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली.

कोरड्या हवामानामुळे येथे हिवाळ्यात दिवसा व रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. या काळात जन्मलेल्या बाळासाठी गोधडी व टोपडे ही केवळ हौसेची वस्तू राहत नाही. जिल्ह्याच्या काही भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मजुरांचे स्थलांतर होते. पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या या कुटुंबांच्या सामानात भांडी आणि धान्याबरोबर गोधड्या असतात. हंगामाचे महिने आणि थंडीचे महिने एकच असल्याने फडावर जन्मलेल्या किंवा तेथे नेलेल्या तान्ह्या बाळाचे थंडीपासून रक्षण बहुतांशी याच पांघरुणांवर अवलंबून असते. बाळंतविडा देणारे नातलग अशा वेळी गावी राहिलेले असतात. म्हणून गाव सोडण्यापूर्वीच गोधडी शिवून सोबत दिली जाते.

आरोग्य व सुरक्षितता

नवजात बाळाच्या शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे असते आणि तेथून उष्णता वेगाने बाहेर पडते. वजनाने कमी किंवा अकाली जन्मलेल्या बाळांना थंडीचा धोका अधिक असतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या मदतीने घरच्या घरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. बाळाला उबदार ठेवणे हा त्या सेवेचा एक भाग होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे यश संसर्गावरील उपचारांसह संपूर्ण सेवेचे होते. केवळ उबदार कपड्यांचे नव्हते.

हाताने केलेल्या वस्तू देताना पुढील काळजी घेणे आवश्यक असते.

मोज्यांच्या व हातमोज्यांच्या आतील बाजूस सुटे धागे राहू नयेत. असा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेल्यास रक्तप्रवाह अडू शकतो.

मणी, टिकल्या व सैल गुंड्या निघून बाळाच्या तोंडात जाऊ शकतात. गळ्याभोवती लांब बंद किंवा रिबन असू नये.

ॲक्रिलिक धागा उष्णतेने वितळतो व त्वचेला चिकटतो. बाळ-बाळंतिणीला शेक किंवा धुरी देताना शेगडीजवळ असे कपडे घालू नयेत.

मोठ्या भोकांच्या जाळीदार विणीत बोटे अडकतात. झोपेत नाक-तोंडावर सरकतील अशा सैल टोप्या, कुंच्या व जड पांघरुणे टाळावीत.

वापरण्यापूर्वी प्रत्येक वस्तू धुऊन, उन्हात वाळवून घ्यावी.

श्रम आणि नोंद

बाळंतविड्यातील हस्तकामाचे मोल पैशांत क्वचितच केले गेले. लहान मुलाच्या एका स्वेटरला घरकाम सांभाळून कित्येक दिवस लागतात, तर हातशिलाईच्या गोधडीला त्याहून अधिक. तरीही या कामाची गणना व्यवसायात न होता रिकाम्या वेळेतील छंदात होत आली. वस्तूवर करणारीचे नाव नसते. ते कुटुंबाच्या आठवणीत राहते आणि एक-दोन पिढ्यांनंतर विसरले जाते. शिवाय बाळाचे कपडे एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात झिजतात, शेवटी त्यांचे दुपटे किंवा पोतेरे होते. त्यामुळे या कलेचे जुने नमुने फारसे उरत नाहीत आणि तिचा इतिहास लिहिणे कठीण जाते.

बदलते स्वरूप

तयार कपड्यांच्या प्रसारामुळे हाताने केलेल्या बाळंतविड्याचे प्रमाण कमी झाले असून तयार संच आता सर्वत्र मिळतात. सुती साड्यांचा रोजचा वापर घटल्याने गोधडीसाठी मऊ जुने कापड मिळणेही अवघड झाले आहे. कृत्रिम धाग्याच्या साड्या टिकाऊ असल्या, तरी त्या घाम शोषत नाहीत. दुसरीकडे स्वयंसहायता गट, महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) आणि राज्याचे 'उमेद' अभियान यांच्या माध्यमातून ग्रामीण स्त्रियांच्या हस्तकलेला प्रदर्शनांत बाजारपेठ मिळू लागली आहे. गोधडी व क्रोशाच्या खेळण्यांना शहरांत मागणी आहे. घरासाठी विनामूल्य होणाऱ्या कामाला यामुळे प्रथमच किंमत लावली जात आहे.

नवजात बाळाला आवश्यक वस्तूंचा संच देण्याची कल्पना शासकीय पातळीवरही स्वीकारली गेली आहे. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू मातांना आणि १९४९ पासून सर्व मातांना कपडे व अंथरुणाची पेटी दिली जाते. महाराष्ट्रातही शासकीय रुग्णालयांत पहिल्या बाळंतपणासाठी 'बेबी केअर किट' देण्याची योजना राबवण्यात आली. अशा संचांतून गरजेच्या वस्तू हाती येतात. बाळंतविड्यात त्यांच्या जोडीला ती वस्तू विशिष्ट बाळासाठी, त्याच्या मापाने आणि त्याच्या ऋतूसाठी कुणीतरी केलेली असते.

हे सुद्धा पहा

गोधडी, घोंगडी, कुंची, बारसे, रुखवत, डोहाळजेवण, जालना जिल्हा