ग्रंथकर्तृत्व : नाममुद्रेपासून कायद्यापर्यंत

ग्रंथ ही ग्रंथकर्त्याची मिळकत आहे आणि तिच्यावरील हक्क सरकारदरबारी शाबीत करता येतो, हा विचार आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर व छापखान्याबरोबर आला. परंतु कवीची वाणी त्याच्याच नावाने आणि अविकृत स्वरूपात पुढच्या पिढीस पोचली पाहिजे, ही निष्ठा महाराष्ट्रात त्याहून कित्येक शतके जुनी आहे, आणि ग्रंथकर्तृत्वाचे खरे मर्म मला तिच्यातच दिसते.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानदेवांनी नेवासे येथे गीतेवरील टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकलेवरून नक्कल उतरत गेली, तसतसे पाठ ढळू लागले. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) पैठणच्या एकनाथांनी त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. हे कार्य करणारा पुरुष कोणी सामान्य लेखनिक नव्हता. भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली विस्तृत टीका त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच काशीस पूर्ण केली होती. ओवीवर असे प्रभुत्व असलेल्या कवीने ज्ञानदेवांच्या ओव्यांना हात लावताना स्वतःच्या प्रतिभेस आवर घातला, शुद्धीची नोंद ग्रंथाच्या अखेरीस स्वतंत्रपणे केली, आणि या ग्रंथात कोणीही आपली ओवी मिसळू नये, अशी सक्त ताकीद दिली. त्या काळी अशी ताकीद अमलात आणणारी कचेरी नव्हती. तिच्यामागे केवळ एका थोर कवीची नैतिक सत्ता उभी होती.

अभंगकारांनी हेच रक्षण नाममुद्रेकडे सोपविले. अखेरच्या चरणात गुंफलेले नाव गायकाच्या मुखातून श्रोत्यांपर्यंत जाई आणि दस्तऐवजावरील शिक्क्याचे काम करी. तथापि हा शिक्का सर्वस्वी अभेद्य नव्हता. तुकोबांच्या रचना आपल्या नावावर खपविणाऱ्या सालोमालोची कथा वारकरी परंपरेने जपली आहे. उलट, नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या रचना नामसादृश्यामुळे मिसळून गेल्या. म्हणूनच विष्णु परशुराम पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी मुंबई सरकारच्या आश्रयाने तुकोबांची गाथा संपादित केली, तेव्हा निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहण्याचे कष्ट त्यांना घ्यावे लागले. इंदुप्रकाश छापखान्यातून १८७३ साली पूर्ण झालेले ते कार्य एकनाथांच्याच परंपरेतील होते.

दरम्यान कंपनी सरकारने १८४७ चा विसावा कायदा करून ग्रंथस्वामित्वास मुदत आणि दाद मागण्याची वाट दिली. लेखकास आपल्या श्रमाचे मोल मागता येऊ लागले, हा त्याचा उपकार लहान नव्हे. परंतु मिळकत म्हटली की ती विकता येते, आणि लेखकाने खरीदखतावर सही केल्यानंतर त्याच्या कृतीचे अंगभंग झाले तर काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्याने ५७ व्या कलमात त्यास उत्तर दिले : हक्क दुसऱ्याच्या हवाली केल्यानंतरही आपले कर्तृत्व सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेस बाध आणणारा विपर्यास रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य भित्तिशिल्प सरकारनेच काढून अडगळीत टाकले, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्याचे अवशेष त्यांच्या स्वाधीन करविले आणि पाच लाख रुपयांची भरपाई देवविली.

मालकीची मुदत संपते व ग्रंथ सर्वांचा होतो, हे योग्यच आहे. ज्ञानेश्वरी व गाथा आज कोणीही छापू शकतो, गाऊ शकतो. परंतु ज्या कृतीवर कोणाची मालकी उरली नाही, तिच्यासाठी फिर्याद करणाराही सहसा उरत नाही, आणि म्हणून तिचे रक्षण संपादक, प्रकाशक व गायक यांच्या विवेकावरच सोपविलेले असते. दुसऱ्याचा शब्द त्याच्याच नावाने, जसाच्या तसा पुढे देणे, हे ज्याला स्वतः लिहिता येते त्याचेही पहिले कर्तव्य आहे.